गव्हाच्या जहाजांचा लगाम

लिंडन जॉन्सन म्हटले की व्हिएतनामचे युद्ध आठवते. मात्र साठच्या दशकात रेशनच्या दुकानासमोर लाल गव्हासाठी रांगा लावणाऱ्या भारतीयांच्या ताटाशीही अमेरिकेच्या या ३६व्या अध्यक्षांचा थेट संबंध होता.

जॉन्सन यांचा जन्म २७ ऑगस्ट १९०८ रोजी टेक्सासमधील स्टोनवॉल गावाजवळ झाला. १९२८ मध्ये कोटुला येथे शिक्षकी करताना उपाशीपोटी शाळेत येणारी मेक्सिकन वंशाची मुले त्यांनी पाहिली. केनेडी यांच्या हत्येनंतर नोव्हेंबर १९६३ मध्ये अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

अमेरिकेच्या १९५४ च्या 'पीएल-४८०' कायद्यान्वये भारताला रुपयांच्या मोबदल्यात गहू मिळत असे. परकीय चलन वाचत होते. पण या सोयीमुळेच भारत सरकार शेतीकडे दुर्लक्ष करते, असे जॉन्सन यांचे मत झाले. १९६५ च्या मध्यास जुना करार संपला, तेव्हा त्यांनी दीर्घ मुदतीचा नवा करार टाळून थोडाथोडा गहू मंजूर करण्याचे धोरण स्वीकारले. नेमका त्याच वर्षी पावसाने दगा दिला. अन्नधान्याचे उत्पादन सुमारे ८.९ कोटी टनांवरून ७.२ कोटी टनांवर घसरले.

नोव्हेंबर १९६५ मध्ये रोम येथे अमेरिकेचे कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन आणि भारताचे कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांच्यात समझोता झाला. शेतीवरील खर्च, खते आणि सुधारित बियाणे यांवर भर देण्याचे भारताने मान्य केले. सुब्रमण्यम यांना हेच हवे होते. १९६६ मध्ये भारताने १८ हजार टन मेक्सिकन गव्हाचे बियाणे आणले.

मार्च १९६६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या अमेरिका भेटीनंतर जॉन्सन यांनी भारतासाठी आणखी ३५ लाख टन धान्याला काँग्रेसचे समर्थन मागितले. जुलैमध्ये मात्र भारताने मॉस्कोत व्हिएतनामवरील बॉम्बहल्ल्यांविरुद्ध सूर लावला आणि वॉशिंग्टन नाराज झाले. त्या वर्षीही पाऊस रुसला, बिहार होरपळला. तरी वर्षअखेरीस नव्या मंजुरीस विलंब झाला. त्या वर्षी भारताने एक कोटी टनांहून अधिक धान्य आयात केले. त्यातील बहुतांश अमेरिकेचे होते. जहाज येईल तेव्हाच चूल पेटेल, ही अवस्था दिल्लीच्या जिव्हारी लागली.

१९६७-६८ मध्ये गव्हाचे उत्पादन सुमारे १.६५ कोटी टनांवर गेले. त्याचे श्रेय प्रथम भारतीय शेतकरी आणि शास्त्रज्ञांचेच. १९७१ अखेर रुपयांतील गहू बंद झाला.

जानेवारी १९६९ मध्ये पायउतार झालेल्या जॉन्सन यांचे २२ जानेवारी १९७३ रोजी टेक्सासमध्ये निधन झाले. त्यांच्या गव्हाने कोट्यवधींचे प्राण तगले, आणि त्यांनी आखडलेल्या हाताने परावलंबनाची किंमतही शिकविली. भारताने या दोन्ही गोष्टी विसरू नयेत.