बिनतारी वेड

गेल्या वर्षीची गोष्ट. सासूबाईंचं कंबरेचं दुखणं काही केल्या थांबेना, म्हणून डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितला. आमच्या गावात ती सोय नाही. सकाळच्या एसटीनं जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो, नंबर लावला. तिथल्या मुलीनं सासूबाईंना मंगळसूत्र, बांगड्या, केसातल्या पिना, सगळं काढायला लावलं आणि त्या आत गेल्या. आतून धाडधाड आवाज सुरू झाला. मी बाहेरच्या बाकावर त्यांचं मंगळसूत्र मुठीत धरून बसले होते. तेवढ्यात काउंटरवरचा मुलगा फोनवर कुणाला तरी सांगत होता, आपलं मशीन दीड टेस्लाचं आहे म्हणून.

टेस्ला! नाव ऐकल्यासारखं वाटलं. घरी येऊन शोधलं, तर ते चुंबकाच्या क्षेत्राची ताकद मोजायचं एकक निघालं. १९६० साली एका शास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ दिलेलं. आणि गंमत बघा, मी सत्तावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण या माणसाबद्दल मला धड चार वाक्यं सांगता आली नसती. रेडिओचा शोध कोणी लावला? मार्कोनीनं. हे मात्र झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मग मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचत सुटले.

निकोला टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ चा. गावाचं नाव स्मिल्यान. आज ते क्रोएशियात आहे, तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं. घर सर्ब लोकांचं, वडील मिलुटिन चर्चमध्ये धर्मगुरू. पण मला थांबायला लावलं ते त्याच्या आईनं. तिचं नाव ज्यूका. ती शाळेत गेली नव्हती. तिची आई आंधळी झाली आणि थोरली म्हणून घराचा, भावंडांचा सगळा भार हिच्यावर आला. लिहिता-वाचता येत नसलेल्या या बाईला लोककाव्यं मात्र तोंडपाठ होती. आपल्या जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आज्या आठवा, तशीच. ती स्वतः रोप लावायची, त्याचा धागा काढायची, सूत कातायची आणि त्याचं नक्षीदार कापड विणायची. घरकामाची अवजारं तर स्वतःच तयार करायची. साठी उलटल्यावरही तिची बोटं इतकी चपळ होती, की पापणीच्या एका केसाला तीन गाठी मारून दाखवील, असं मुलगा कौतुकानं सांगायचा. आपल्यातली शोधक बुद्धी आईकडून आली, हे त्यानं आत्मकथनात स्वच्छ लिहून ठेवलंय. माझी आजी सायकलच्या मोडक्या स्पोकच्या विणायच्या सुया करायची. तिला कुणी शोधक म्हटल्याचं मला आठवत नाही.

निकोला लहान असतानाची एक गोष्ट आहे. थंडीचे कोरडे दिवस. संध्याकाळी तो घरातल्या मांजराच्या पाठीवरून हात फिरवत होता, तर तडतड आवाज करत ठिणग्या उडाल्या. वडिलांनी सांगितलं, वादळात झाडावर दिसते ना, तीच ही वीज. आई मात्र घाबरली. पुरे कर आता, कुठं आग लावशील, म्हणाली. पोराच्या डोक्यात भलतंच सुरू झालं होतं. निसर्ग हेच एक मोठं मांजर असेल का, आणि मग त्याच्या पाठीवरून हात कोण फिरवतं? हे कोडं आपल्याला जन्मभर पुरलं, असं त्यानं म्हातारपणी एका लहान मुलीला पत्रातून कळवलं.

त्याचा मोठा भाऊ घोड्याच्या अपघातात गेला. तो फार हुशार होता, त्यामुळे धाकट्यानं काहीही केलं तरी आईवडिलांना गेलेलाच आठवायचा. वडिलांना वाटे, यानं धर्मगुरू व्हावं. १८७३ मध्ये निकोलाला कॉलरा झाला. कित्येक महिने अंथरुणावर. तेव्हा त्यानं वडिलांकडून वचन घेतलं, की बरा झालो तर मला इंजिनिअर होऊ द्यायचं. आजारी लेकरापुढे बाप काय बोलणार!

१८७५ मध्ये तो ग्राट्झच्या तंत्रशाळेत गेला. सुरुवातीला पहिला नंबर, नंतर पत्त्यांचं आणि जुगाराचं व्यसन. पदवी घेतलीच नाही. वडील चिडायचे, उपदेश करायचे. एकदा सगळं हरून, तरी पुन्हा खेळायची तलफ आलेली अशा अवस्थेत तो आईकडे गेला. तिनं नोटांची गुंडाळी त्याच्या हातात दिली. म्हणाली, घे, जा आणि मजा कर, घरातलं सगळं जितक्या लवकर संपवशील तितकं बरं, यातून तू बाहेर पडशील हे मला ठाऊक आहे. त्या दिवसानंतर त्याचा जुगार सुटला. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. माझ्याच्यानं असं झालं नसतं. मी रडले असते, शपथा घातल्या असत्या.

पुढची काही वर्षं मी भराभर सांगते. १८८२ मध्ये बुडापेस्टच्या बागेत फिरताना त्याला उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर, म्हणजे एसीवर, चालणाऱ्या मोटरीची कल्पना सुचली. १८८४ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला, काही महिने एडिसनच्या कंपनीत राबला, मग पटेना म्हणून बाहेर पडला. एक हिवाळा तर त्यानं रोजंदारीवर खड्डे खणून काढला. १८८८ मध्ये वेस्टिंगहाउस या उद्योजकानं त्याच्या मोटरीचे हक्क घेतले आणि दिवस पालटले. १८९३ चं शिकागोचं जागतिक प्रदर्शन याच विजेनं उजळलं, आणि १८९६ मध्ये नायगाऱ्याच्या धबधब्यावरची वीज बफेलो शहरात पोचली. आपल्या छताचा साधा पंखा, विहिरीवरची मोटर ही त्याच कुळातली. पंपासाठी थ्री फेजची वाट बघत ज्यांनी रात्री जागून काढल्यात, त्यांनी अनेक फेजच्या विजेचा हा आद्य जाणकार ओळखीचा समजायला हरकत नाही.

पण टेस्लाला खरं वेड होतं ते तारेशिवायच्या विजेचं.

१८९१ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया कॉलेजात त्यानं व्याख्यान दिलं. दोन मोठे पत्रे टांगलेले, त्यांच्यामध्ये तो उभा, हातात काचेची नळी. नळीला कुठंही तार जोडलेली नाही, तरी ती लखलखली! सभागृह चकित. यामागची युक्ती झोक्याची आहे. पंचमीच्या झोक्यावरच्या मुलीला आपण कधीही ढकललं तर ती वर जात नाही. तिच्या लयीत, नेमक्या क्षणी बोट लावलं तरी झोका आभाळाला भिडतो. टेस्लानं तारांची दोन वेटोळी अशीच एका लयीला आणली. एकात सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज सोडायची, की शेजारचं वेटोळं न शिवता डोलायला लागतं. रेडिओचं बटण फिरवून आपण स्टेशन लावायचो, तेव्हाही हीच लय जुळवत होतो.

१८९२ मध्ये त्याची लंडनला आणि पॅरिसला व्याख्यानं झाली. मोठमोठे शास्त्रज्ञ ऐकायला. आणि पॅरिसमध्ये आईच्या शेवटच्या आजाराची तार आली. तो धावत गोस्पिचला घरी पोचला, आईची भेट झाली. कित्येक रात्रींच्या जागरणानं तो इतका थकला होता, की लोकांनी त्याला जवळच्या घरी झोपायला नेलं. पहाटे त्याला ढगांवर तरंगणाऱ्या आकृती दिसल्या, त्यातल्या एकीचा चेहरा आईचा, आणि गाणं ऐकू आलं. त्याच क्षणी त्याला कळलं, आई गेली. दुसरा कुणी असता तर तेवढं घट्ट धरून बसला असता. यानं मात्र पुढे शोध घेतला. असं एक चित्र त्यानं आधी पाहिलेलं होतं, आणि गाणं जवळच्या चर्चमधल्या ईस्टरच्या प्रार्थनेचं होतं. आईच्या आठवणीलाही त्यानं तपासून घेतलं. मला हे जरा कठोर वाटलं, पण माणूस तसाच होता.

१८९३ मध्ये फिलाडेल्फिया आणि सेंट लुईस इथल्या व्याख्यानांत त्यानं उंच टांगलेली तार आणि जमीन यांच्या मदतीनं बिनतारी संदेश कसे पाठवता येतील, हे मांडलं. तेव्हा अनेक जण याच वाटेवर होते. आपले जगदीशचंद्र बोस १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात बिनतारी लहरींनी घंटा वाजवून दाखवत होते. टेस्लाचं काम जोरात असताना १३ मार्च १८९५ च्या पहाटे त्याची प्रयोगशाळा जळून खाक झाली. यंत्रं, कागद, सगळं. विमा नव्हता. तरी त्यानं उभं राहून सप्टेंबर १८९७ मध्ये बिनतारी प्रक्षेपणाच्या पेटंटसाठी अर्ज केला. १८९८ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला पाण्यात एक छोटी बोट सोडली आणि दुरून, तारेशिवाय, पाहिजे तशी वळवून दाखवली. आज नातवंडं रिमोटची गाडी पळवतात, तिची ही पणजी. तेव्हा लोकांना ती जादूच वाटली.

मे १८९९ मध्ये तो कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या डोंगराळ गावात गेला. उंच खांबाची लाकडी प्रयोगशाळा बांधली आणि घरात वीज पाडू लागला, अक्षरशः! एकदा तर गावच्या वीजघरातला जनित्रच जळाला. ठिणग्यांच्या वर्षावाखाली तो निवांत वाचत बसलाय, असा एक फोटो फार प्रसिद्ध आहे. तो एकाच काचेवर दोनदा घेतलेला आहे, बरं का. ठिणग्या वेगळ्या वेळी, टेस्ला वेगळ्या वेळी. त्याच्या वहीत दिसतात ते प्रयोगशाळेजवळ पेटलेले मोजके दिवे. पण त्याची खात्री झाली, की पृथ्वीच आपली तार आहे. तिच्यात वीज भरायची आणि जगात कुठंही काढून घ्यायची.

मग न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफचा मनोरा. १८७ फूट उंच, वर छत्रीसारखा घुमट. पैसा जे. पी. मॉर्गन या सावकारांच्या सावकाराचा, दीड लाख डॉलर. बदल्यात पेटंटमधला ५१ टक्के वाटा. ठरलं होतं अटलांटिकपार संदेश पाठवायचं. काम चालू असतानाच, १२ डिसेंबर १९०१ ला मार्कोनीनं इंग्लंडहून कॅनडाकडच्या न्यूफाउंडलंडला 'एस' हे अक्षर बिनतारी पोचवलं. टेस्लानं मॉर्गनला पुन्हा पुन्हा पत्रं लिहिली. आपला बेत नुसत्या संदेशाचा नाही, जगाला वीज पुरवण्याचा आहे, असं सांगितलं. मॉर्गननं आणखी पैसे दिले नाहीत.

मला वाटतं, इथं टेस्लाचं गणितही चुकत होतं. हाक मारायला आवाज पुरतो, डबा पोचवायला मात्र माणूस पाठवावा लागतो. संदेशाला विजेचा कण पुरतो. दिवा लावायला पुरेशी वीज पोचायला हवी, आणि मोकळी सोडलेली वीज चहूकडे पसरून विरून जाते. आज बिनतारी चार्जिंग आलंय, पण फोन त्या चकतीवर ठेवावाच लागतो.

मार्कोनीला १९०९ चं नोबेल मिळालं, ब्राऊन या शास्त्रज्ञाबरोबर. त्याचं काम खोटं नव्हतंच. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली तेव्हा वाचलेली माणसं त्याच्याच बिनतारी यंत्रांच्या हाकेमुळे वाचली. टेस्लानं १९१५ मध्ये त्याच्यावर दावा लावला, पण लढायला पैसा कुठला? हॉटेलच्या थकलेल्या बिलापोटी वॉर्डनक्लिफची जागा गेली आणि १९१७ मध्ये मनोरा पाडला.

लग्न केलं नाही. शेवटची वर्षं हॉटेल न्यूयॉर्करच्या तेहतिसाव्या मजल्यावर, भाडं वेस्टिंगहाउस कंपनी भरायची. आजारी कबुतरं खोलीत आणून त्यांची शुश्रूषा करायचा. ७ जानेवारी १९४३ ला तो गेला. दारावर, त्रास देऊ नये, अशी पाटी होती. दुसऱ्या दिवशी सफाईवाल्या बाईनं ती न जुमानता दार उघडलं, तेव्हा कळलं.

त्याच वर्षी २१ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मार्कोनीच्या, लय जुळवण्याच्या पेटंटमधले मुख्य दावे रद्द केले. ते काम लॉज, टेस्ला आणि स्टोन यांनी आधीच केलं होतं, म्हणून. रेडिओचा जनक टेस्ला, असं काही न्यायालयानं म्हटलेलं नाही. पाच महिने उशीर झाला एवढं खरं.

परवा नात शिकवणीचा सराव-कागद घेऊन आली. गाळलेल्या जागा भरा. रेडिओचा शोध रिकामी जागा यांनी लावला. आजी, काय लिहू? मी चष्मा काढून पुसला. एक मार्काचा प्रश्न होता. मार्कोनी लिही, म्हटलं. मग तिला जवळ बसवून मांजराची गोष्ट सांगायला घेतली.