सुभेदार रामजी सकपाळ

रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे रामजी मालोजी सकपाळ यांचे मूळ गाव. तरुणपणी ते इंग्रजांच्या सैन्यात शिरले व सुभेदाराच्या हुद्द्यास चढले. लष्करी शाळेत त्यांनी मुख्याध्यापकाचेही काम केले. महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे चौदावे अपत्य जन्मास आले. तेच पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून कीर्तिमान झाले.

निवृत्तीनंतर रामजी दापोलीस व मग साताऱ्यास राहिले. तेथे पत्नी भीमाबाई निवर्तल्या. सुभेदाराचा मुलगा असूनही भीमरावांना शाळेत अस्पृश्य म्हणून वेगळे बसावे लागे. तथापि रामजींनी मुलांच्या विद्येत खंड पडू दिला नाही. ते कबीरपंथी होते. घरात नित्य भजन होई आणि मुलांचा अभ्यास ते स्वतः घेत.

पुढे ते मुंबईस आले. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राही. त्या दाटीत भीमरावांना शांतता मिळावी म्हणून रामजी स्वतः जागत व रात्री दोन वाजता त्यांना अभ्यासास उठवीत. पुस्तकास पैसे नसले, तर ते विवाहित मुलीकडे जाऊन तिचा दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती येताच सोडवून परत करीत.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी भीमराव उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. पुत्राचा तो उत्कर्ष पाहणे पित्याच्या नशिबी नव्हते. परंतु त्याचा पाया त्यांनीच घातला होता.