फाल्गुनराव जिवंत करणारे गणपतराव बोडस

संगीत नाटकाच्या वैभवकाळात मराठी प्रेक्षक नाट्यगृहात जात असे तो प्रामुख्याने गाणे ऐकण्यासाठी. एकेका पदाला पुन:पुन्हा 'वन्स मोअर' मिळे आणि प्रयोग पहाटेपर्यंत लांबे. गायक नटांच्या त्या राज्यात गद्य अभिनयाच्या बळावर स्वत:चे स्थान निर्माण करणारे थोर नट म्हणजे गणेश गोविंद तथा गणपतराव बोडस.

त्यांचा जन्म १८८० साली नगर जिल्ह्यातील शेवगावचा. किर्लोस्कर नाटक मंडळीत त्यांची उमेदवारी झाली. खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकातील भित्र्या आणि बढाईखोर लक्ष्मीधराच्या भूमिकेने १९११ साली त्यांची विनोदाची जाण सिद्ध केली. पुढे १९१३ साली बालगंधर्व व गोविंदराव टेंबे यांच्यासमवेत त्यांनी गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली.

या मंडळीने १९१६ साली रंगभूमीवर आणलेले 'संशयकल्लोळ' हे खरे तर एका जुन्या नाटकाचे पुनरुज्जीवन होते. गोविंद बल्लाळ देवल यांनी 'फाल्गुनराव' हे गद्य प्रहसन १८९३ सालीच लिहिले होते. त्याचे मूळ मोलिएरच्या १६६० मधील फ्रेंच प्रहसनात असून, आर्थर मर्फी याच्या १७६१ मधील इंग्रजी रूपांतराच्या वाटेने ते मराठीत आले. देवलांनी त्याला पदांचा साज चढवला आणि पात्रांना महिन्यांची व नक्षत्रांची नावे देऊन परक्या कथेला अस्सल मराठी केले. दुर्दैवाने जून १९१६ मध्ये देवल निवर्तले. या नव्या रूपाचे यश पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

देवलांची भाषा कितीही प्रसन्न असली, तरी कथानक अगदीच नाजूक धाग्यावर उभे आहे. मूर्च्छित रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते त्याची पत्नी कृत्तिका पाहते. रेवतीजवळची आश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती पडते, ती फाल्गुनराव पाहतो. कोणी एक साधा प्रश्न विचारला असता, तर नाटक तिथेच संपले असते. वाचताना ही शंका पदोपदी येते. प्रयोगात ती येऊ न देण्याची जबाबदारी फाल्गुनरावाची भूमिका करणाऱ्या नटावर असते.

गणपतरावांनी ही जबाबदारी पेलली. रेवतीच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व असताना गद्य संवादांनी प्रेक्षकांना धरून ठेवणे सोपे नव्हते. मात्र गणपतरावांचा सहज अभिनय संहितेतील योगायोगांवर मात करून गेला. फाल्गुनराव हे त्यांचेच दुसरे नाव ठरावे, इतकी ती भूमिका त्यांच्याशी एकरूप झाली.

या यशाचे मर्म समजून घ्यायचे, तर त्यांची दुसरी गाजलेली भूमिका शेजारी ठेवावी लागते. फेब्रुवारी १९१९ मध्ये गडकऱ्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. त्यात बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतरावांचा सुधाकर. एक नाटक हसवणारे, दुसरे काळीज पिळवटणारे. परंतु दोहोंतही स्वत:च्या हाताने आपला संसार पणाला लावणारा नवराच आहे. फाल्गुनरावाचे अस्त्र संशय, सुधाकराचे मद्य. दोन्ही भूमिका एकाच नटाने गाजवल्या, यात विनोदाचे एक सूत्र दडले आहे. संशयाने पोळणाऱ्या नवऱ्याला ते दु:ख खरे वाटले पाहिजे; तो जितका गंभीर, तितके हसू अधिक. फाल्गुनराव नुसता विदूषक झाला की तसबिरीचा खेळ उघडा पडतो.

गंधर्व मंडळी सोडल्यानंतरही गणपतरावांचा रंगभूमीशी असलेला संबंध तुटला नाही. 'माझी भूमिका' हे त्यांचे आत्मचरित्र त्या काळाच्या रंगव्यवहाराचा मोलाचा दस्तऐवज आहे. संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला. १९६५ साली वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

'संशयकल्लोळ'चे प्रयोग त्यांच्यानंतरही होत राहिले. प्रशांत दामले यांच्यासारख्या पुढच्या पिढीतील नटालाही त्या भूमिकेचा मोह पडला. गायकांचे सूर ध्वनिमुद्रिकांतून उरले. १९१६ चा तो फाल्गुनराव मात्र पाहणाऱ्यांबरोबरच काळाच्या पडद्याआड गेला. तरीही प्रत्येक नव्या फाल्गुनरावाला आजही त्याच कसोटीवर उतरावे लागते. प्रेक्षकाला तो साधा प्रश्न सुचण्याआधीच त्याला हसवावे लागते.