जीवनरसायनाचे उपासक : डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

तेव्हाच्या मद्रास इलाख्यात आणि आज आंध्र प्रदेशात असलेल्या भीमवरम या गावी १२ जानेवारी १८९५ रोजी येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची होती. त्यातच वडिलांचे छत्र लवकर हरपले. शालेय जीवनात सुब्बारावांनी फारशी चमक दाखवली नाही. मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना दोनदा अपयश आले. परंतु शिक्षण सोडायचे नाही हा आईचा आग्रह होता. अखेर तिसऱ्या खेपेस ते मद्रासमधून उत्तीर्ण झाले आणि पुढे तेथील वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. या शिक्षणाचा भार सासऱ्यांनी उचलला.

तो काळ स्वातंत्र्यचळवळीचा होता. महात्मा गांधींच्या हाकेला प्रतिसाद देऊन सुब्बाराव महाविद्यालयातही खादी वापरू लागले. शल्यचिकित्सेच्या इंग्रज प्राध्यापकांना हे रुचले नाही. लेखी परीक्षेत चांगले यश मिळूनही सुब्बारावांच्या हाती पूर्ण पदवीऐवजी कनिष्ठ दर्जाची पदविका पडली. मद्रासच्या आयुर्वेदिक महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवून ते उपजीविका करू लागले. याच सुमारास स्प्रू या आजाराने त्यांच्या भावाचा मृत्यू झाला. या आजारात आतड्यांना अन्नरस शोषून घेता येत नाही, रोगी खंगत जातो आणि त्याचे रक्त कमी होते. वैद्यकाचे शिक्षण घेऊनही आपण भावाला वाचवू शकलो नाही, ही खंत सुब्बारावांच्या मनात खोलवर रुतली. रोगांवर उपचार करण्यापेक्षा त्यांची कारणे आणि औषधे शोधण्याकडे त्यांचा ओढा वाढला.

ऑक्टोबर १९२३ मध्ये ते अमेरिकेतील बोस्टन येथे पोहोचले. हार्वर्ड विद्यापीठात उष्णकटिबंधीय रोगांचे शिक्षण घेत असताना पोटासाठी त्यांना एका रुग्णालयात रात्रपाळीची हलकीसलकी कामे करावी लागली. मायदेशी तान्हा मुलगा दगावल्याची वार्ताही त्यांना परदेशातच सोसावी लागली.

पुढे ते हार्वर्डच्या जीवरसायन विभागात सायरस फिस्क यांच्या हाताखाली काम करू लागले. रक्त व मूत्र यांतील फॉस्फरसचे प्रमाण मोजण्याची एक सोपी पद्धत या दोघांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केली. ती फिस्क-सुब्बाराव पद्धत म्हणून ओळखली जाते. स्नायूंना आकुंचनासाठी लागणारी ऊर्जा लॅक्टिक आम्ल तयार होताना मिळते, असा त्या काळी समज होता. १९२७ मध्ये फिस्क आणि सुब्बाराव यांनी स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन हे संयुग उजेडात आणले आणि त्या समजाला धक्का बसला. १९२९ मध्ये त्यांनी एटीपी या संयुगाचाही शोध लावला. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही स्वतंत्रपणे हा शोध लावला होता. स्नायूंतील मायोसिन या प्रथिनाच्या अंगी आकुंचनाची क्षमता असते, परंतु त्याला एटीपी या लहानशा रेणूकडून ऊर्जा मिळाली तरच ते काम करू शकते.

प्रथिनांचे हे परावलंबन समजून घेण्यासारखे आहे. आपल्या शरीरात क्षणोक्षणी असंख्य रासायनिक क्रिया चालू असतात. त्या घडवून आणणारी विकरे, म्हणजेच एन्झाइम, ही बहुतांशी प्रथिने असतात. मात्र पुष्कळ विकरांना प्रथिन नसलेल्या घटकाची जोड लागते. कधी हा घटक जस्त, लोह किंवा मॅग्नेशियम यांसारखा धातू असतो, तर कधी जीवनसत्त्वापासून तयार झालेला छोटा रेणू. अशा रेणूला सहविकर म्हणतात. विकर नसलेल्या प्रथिनांनाही अशा सोबतीची गरज असू शकते. रक्तातील हिमोग्लोबिन हे प्रथिन प्राणवायू वाहून नेते ते त्यातील लोहयुक्त हीम या घटकाच्या बळावर. जीवनसत्त्वे आहारात अत्यल्प प्रमाणात लागतात, परंतु ती न मिळाल्यास विकरे असूनही कार्य अडून पडते आणि माणूस आजारी होतो.

पुढील काळात सुब्बारावांनी यकृताच्या अर्कातील जीवनसत्त्वांवर लक्ष केंद्रित केले. एका घातक रक्तक्षयावर गुणकारी ठरणारे द्रव्य त्यांना हवे होते. ते हाती लागले नाही, पण या शोधात पँटोथेनिक आम्ल हे जीवनसत्त्व त्यांनी वेगळे केले. शरीरात या आम्लापासून सहविकर-अ तयार होते आणि अन्नातून ऊर्जा मिळवण्याच्या क्रियेत ते मोलाची कामगिरी बजावते. इतके कार्य होऊनही हार्वर्डमध्ये त्यांना कायमचे पद मिळाले नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ले प्रयोगशाळेत रुजू झाले.

तेथे त्यांनी फॉलिक आम्लाचा पाठपुरावा केला. या आम्लाच्या शोधाची एक वाट मुंबईतून गेलेली आहे. डॉ. लूसी विल्स यांनी मुंबईतील गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे १९३१ मध्ये दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलेट होय. पालकाच्या पानांतून मिळाल्यामुळे १९४१ मध्ये त्याला पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून फॉलिक आम्ल हे नाव देण्यात आले. नैसर्गिक पदार्थांतून ते फारच थोडे मिळे. सुब्बारावांच्या नेतृत्वाखालील संशोधकांनी १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केले. या आम्लापासून बनणारे सहविकर नव्या पेशींचा डीएनए घडवण्यास आवश्यक असते. ते कमी पडले की रक्तपेशींची वाढ खुंटते. रक्तक्षयाबरोबरच स्प्रूच्या रोग्यांनाही या औषधाने गुण येऊ लागला. ज्या आजाराने भाऊ हिरावून नेला, त्यावरचे औषध सुब्बारावांच्याच प्रयोगशाळेतून जगाला मिळाले.

सहविकर नसेल तर पेशी वाढत नाही, या तत्त्वाचा दुसराही उपयोग होता. रक्ताच्या कर्करोगात पेशी अनिर्बंध वाढतात. फॉलिक आम्लासारखी दिसणारी, परंतु त्याचे काम न करणारी संयुगे सुब्बारावांच्या चमूने तयार केली. ती संबंधित विकरात जाऊन बसतात आणि त्याचे कार्य रोखतात. त्यांपैकी ॲमिनोप्टेरिन हे औषध बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी या रोगाने ग्रस्त अशा १६ बालकांना दिले. त्यांतील १० जणांची प्रकृती काही काळ सुधारल्याचे १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. ती सुधारणा टिकाऊ नव्हती, तरीही असाध्य मानलेल्या या रोगावर औषध चालू शकते, हे प्रथमच सिद्ध झाले. याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही कर्करोगावर आणि संधिवातावर वापरले जाते. हत्तीरोगावरील डायइथिलकार्बामाझिन हे औषध आणि ऑरिओमायसिन हे प्रतिजैविकही सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालील संशोधनातून पुढे आले.

ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी, न्यूयॉर्क येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. १९२३ नंतर त्यांना मायदेशी परतता आले नाही, परंतु भारतीय नागरिकत्व त्यांनी सोडले नाही. ते प्रसिद्धिपराङ्मुख होते. श्रेयासाठी पुढे होणे त्यांच्या स्वभावात नव्हते, म्हणून त्यांचे नाव कार्याच्या मानाने अपरिचित राहिले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९५ मध्ये, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आज गावोगावच्या आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांना लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या जातात. गोळी घेणाऱ्या स्त्रीला सुब्बारावांचे नाव ठाऊक असण्याची शक्यता कमीच. परंतु मॅट्रिकला दोनदा नापास झालेल्या एका मुलाच्या चिकाटीचा लाभ तिला आणि तिच्या बाळाला मिळत असतो.