दादासाहेब फाळकेंना दिसेनासं का झालं होतं? पहिल्या सिनेमाआधीची गोष्ट

दिंडोशीला लागून असलेल्या गोरेगावच्या चित्रनगरीला दादासाहेब फाळकेंचं नाव आहे. पण पहिला सिनेमा काढण्याआधी याच फाळकेंना काही काळ दिसेनासं झालं होतं, हे अनेकांना माहीत नसतं.

नेमकं काय झालं?

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, गोध्र्यात फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छापखाना. म्हणजे पोट चालायचं ते डोळ्यांवर आणि रसायनांवर.

भागीदारांशी बिनसल्यावर त्यांनी छापखाना सोडला. एप्रिल १९११ मध्ये गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि सिनेमाने झपाटलंच. रोज चार-पाच तास सिनेमे बघायचे, उरलेल्या वेळात प्रयोग, झोप जेमतेम तीन तास. शेवटी डोळ्यांनी साथ सोडली. हातात नोकरी नाही, पदरी बायको-मुलं! डॉ. प्रभाकर यांनी उपचार केले आणि तीन-चार चष्म्यांच्या मदतीने फाळके पुन्हा कामाला लागले. १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघालेसुद्धा.

यात रसायनांचा हात होता का?

फाळकेंच्या बाबतीत कारण सांगितलं जातं ते अतिश्रमाचं. पण या धंद्यात डोळ्यांना दुसराही धोका होता. फिल्म डेव्हलप करायला हायड्रोक्विनोन वापरतात. त्याची पूड आणि त्यातून तयार होणारी क्विनोनची वाफ वर्षानुवर्षं डोळ्यांत जात राहिली, तर डोळ्याचा पांढरा भाग तपकिरी पडतो. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, खराब होऊन नजर कमी होते. काम सोडल्यावरही हा त्रास वाढू शकतो. अमेरिकेत हे रसायन बनवणाऱ्या कामगारांमध्ये हे आढळलं, पण ते १९४० च्या दशकात.

फाळकेंनी त्याच्या तीसेक वर्षं आधी दादरच्या घरातच लॅब थाटली होती. दिवसा शूटिंग, रात्री फिल्म धुणं. रसायनं मिसळणं आणि कच्च्या फिल्मला छिद्रं पाडणं ही कामं पत्नी सरस्वतीबाई करायच्या, शिवाय अख्ख्या युनिटचा स्वयंपाकही. श्रेयनामावलीचा जमाना असता तर त्यांचं नाव चार ठिकाणी लागलं असतं.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. फाळकेंचा शेवटचा सिनेमा 'गंगावतरण' १९३७ चा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं.