सीताफळाच्या कुळातून कर्करोगाच्या पेशींकडे : डॉ. कमल रणदिवे

पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली एम.एस्सी. झालेल्या कमल रणदिवे यांचा अभ्यासविषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची पेशीरचना आणि गुणसूत्रे. पुढे त्या झाडांच्या पेशींकडून प्राण्यांच्या आणि माणसाच्या पेशींकडे वळल्या आणि कर्करोगाच्या संशोधनातच रमल्या. आज याच कुळातल्या लक्ष्मणफळाविषयी एक निरोप मोबाइलवर फिरत असतो. ते म्हणे केमोथेरपीपेक्षा हजारो पटींनी प्रभावी. फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले की नातेवाईक पाने उकळून काढा द्यायला लागतात आणि काही घरांत रुग्णालयाची तारीख त्यापायी पुढे ढकलली जाते. अशा दाव्यात तथ्य किती, हे पेशींवर तपासण्याची रीत आपल्या देशात ज्यांनी रुजवली, त्यांत कमल रणदिवे हे आघाडीचे नाव.

त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात, समर्थ कुटुंबात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. शाळा हुजूरपागा, पुढे फर्ग्युसनमध्येच वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने दोन्ही ऐकले नाही. १९३९ मध्ये त्यांनी गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न केले आणि त्या मुंबईला आल्या. एम.एस्सी. झाली ती लग्नानंतर. पेशीशास्त्राचा विषय मात्र वडिलांनीच सुचवलेला होता आणि अभ्यासात पतीची मदत होती. त्या काळात हे सहज घडत नसे.

गुणसूत्रे पाहायची तर पेशी विभाजनाच्या ऐन क्षणी थांबवावी लागते. त्यासाठी त्या सुमारास कोल्चिसिन नावाचे द्रव्य वापरात आले होते. आपल्याकडच्या कळलावीच्या कंदातही ते असते. हे द्रव्य विभाजन अडवते, म्हणजे भराभर वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशीही मारते. तरीही ते कर्करोगाचे औषध होऊ शकले नाही, कारण पेशी मारणारी मात्रा आणि माणूस मारणारी मात्रा यांत अंतर फार थोडे.

मुंबईत त्या टाटा स्मारक रुग्णालयात दाखल झाल्या. परळचे हे रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले होते आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातील विकृतिशास्त्राचा पाया घालणारा हा माणूस. त्यांच्या मार्गदर्शनाखाली रणदिवे यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. १९४९ मध्ये मिळवली. काम उंदरांवर होते. काही वाणांच्या उंदरांना स्तनाचा कर्करोग सहज होतो, काहींना होत नाही; तो फरक कशाने पडतो हा प्रश्न. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा कर्करोगाशी काय संबंध, हा त्यांच्या पुढच्या संशोधनाचा गाभा इथून तयार झाला.

त्यानंतर शिष्यवृत्तीवर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. गे यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या गाठीतल्या पेशी काचेच्या नळीत वाढल्या आणि वाढतच राहिल्या. ‘हेला’ नावाने त्या आज जगभर वापरल्या जातात. पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवण्याचे हे तंत्र रणदिवे यांनी तिथे आत्मसात केले आणि त्या परत आल्या. परदेशी शिकलेल्यांनी मायदेशी येऊन काम करावे, हा त्यांचा आग्रह पुढेही कायम राहिला.

टिश्यूकल्चर म्हटले की आपल्याला केळीची रोपे आठवतात. प्राण्यांच्या पेशींचे काम त्याहून नाजूक. त्यांना नेमके तापमान, क्षार, साखर, रक्तद्रव लागतो. एखादा जंतू शिरला की आठवड्यांची मेहनत वाया. परदेशातून रसायने मागवायची तर पैसा आणि परवाने दोन्हींची चणचण. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात रणदिवे यांनी उभारलेली प्रयोगशाळा या क्षेत्रात देशातली पहिली मानली जाते. पेशी वाढवण्याचे द्रव आणि त्यासाठीची द्रव्ये त्यांनी सहकाऱ्यांसह साठच्या दशकाच्या सुरुवातीला इथेच तयार केली. या कामाचे कौतुक त्या मानाने कमी झाले. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. कर्करोगजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र यांचे नवे विभाग त्यांच्याच प्रयत्नाने सुरू झाले.

अशा प्रयोगशाळेत पेशी मरते म्हणजे काय होते? १९७२ मध्ये स्कॉटलंडमधील तिघा विकृतिशास्त्रज्ञांनी एका विशिष्ट मरणाला अपॉप्टोसिस हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. पेशी फुटत नाही, आकसते, आपले डीएनए आपणच तुकडे करते आणि शेजाऱ्यांना इजा न करता संपते. निरोगी शरीरात हे रोज चालते. डीएनए दुरुस्तीपलीकडे बिघडले की पी५३ नावाचे प्रथिन खूण करते, पेशीतल्या मायटोकाँड्रियातून सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर पडते आणि कॅस्पेज नावाची कात्रीसारखी विकरे कामाला लागतात. फुप्फुसाच्या कर्करोगात पी५३ चे जनुक फार वेळा नादुरुस्त असते. पेशीला मरायला सांगणारे यंत्रच बिघडलेले, म्हणून ती मरत नाही. (या कर्करोगाचे पहिले कारण आजही तंबाखूचा धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाहेरच्या हवेचे प्रदूषणही कर्करोगकारक ठरवले. त्यामुळे एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या आसपास राहणाऱ्यांनी धूर आणि राखेबद्दल प्रश्न विचारणे रास्तच. पण ते विचारताना हातात बिडी नसावी.)

वनस्पतींनी या बाबतीत मोठी मदत केली आहे, हे निर्विवाद. सह्याद्रीत नरक्या नावाचे झाड आहे. त्यातले कॅम्पटोथेसिन हे द्रव्य मोन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून प्रथम वेगळे केले होते. नरक्यात ते असल्याचे १९७२ मध्ये मुंबईच्या गोरेगावातील संशोधकांनी दाखवले. डीएनएचा पीळ सैल करणारे एक विकर असते. कॅम्पटोथेसिन त्याला जागीच अडकवते, डीएनएची नक्कल करताना धागा तुटतो आणि पेशी मरणाच्या वाटेला लागते. पेशींवर ते जबरदस्त ठरले, पण सुरुवातीच्या चाचण्यांत रुग्णांच्या मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला आणि काम थांबवावे लागले. रेणूत फेरफार करून बनवलेले टोपोटेकान फुप्फुसाच्या लहान पेशींच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मंजूर झाले १९९८ मध्ये. झाडापासून सलाइनच्या बाटलीपर्यंत ३२ वर्षे गेली. यू वृक्षातले पॅक्लिटॅक्सेल, सदाफुलीच्या द्रव्यांपासून बनवलेले व्हिनोरेलबिन, पोडोफायलमपासूनचे इटोपोसाइड ही फुप्फुसाच्या कर्करोगातली नेहमीची औषधे. म्हणजे झाडपाल्याचा काढा सोडून रुग्ण ज्या केमोला घाबरतो, त्या केमोतही बऱ्याचदा झाडच असते. फरक मोजून दिलेल्या मात्रेचा.

आता लक्ष्मणफळ. सीताफळाच्या कुळातील ॲसिटोजेनिन ही द्रव्ये मायटोकाँड्रियातील ऊर्जानिर्मितीचा पहिला टप्पा बंद पाडतात आणि प्रयोगशाळेत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशी त्याने मरतात, हे खरे. निरोपाचे मूळ तिथेच. पण ताटलीतल्या पेशींना यकृत नसते, मूत्रपिंड नसते, मेंदू नसतो. पोटात घेतलेले द्रव्य गाठीपर्यंत किती पोचते, हे ताटली सांगत नाही. हळदीतले कर्क्युमिन ताटलीत पेशी मारते, रक्तात मात्र जेमतेम उतरते. ॲसिटोजेनिनची अडचण उलटी आहे. मेंदूच्या पेशींनाही तीच ऊर्जा लागते. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादेलूप बेटावर पार्किन्सनसारख्या एका वेगळ्या आजाराचे रुग्ण जास्त दिसले. या कुळातील फळे आणि पानांचा काढा यांच्याशी त्याचा संबंध असावा, असे १९९९ मध्ये पुढे आले. हंगामातल्या सीताफळाला घाबरायचे कारण नाही. पानांचा काढा महिनोन्महिने पिणे वेगळे. माणसांवरच्या चाचण्यांत लक्ष्मणफळाने फुप्फुसाचा कर्करोग बरा केल्याचा पुरावा नाही.

रणदिवे यांच्या कामाची शिस्त नेमकी इथे उपयोगी पडते. आधी पेशी, मग ज्यांची वंशावळ माहीत आहे असे उंदीर, मग माणूस. प्रत्येक पायरीवर शेजारी निरोगी पेशी किंवा निरोगी प्राणी तुलनेला हवाच. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केले आणि त्यातून लशीच्या दिशेने पावले पडली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याआधी १९७३ मध्ये ११ सहकाऱ्यांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या रणदिवे पुढे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या, आपल्या इगतपुरी-सिन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात पोचल्या. ‘सत्यनिकेतन’ संस्थेसोबत तिथल्या आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती त्यांनी गोळा केली. उंदरांच्या वजनाच्या नोंदी ठेवणाऱ्या शास्त्रज्ञाने मुलांच्या कुपोषणाचा हिशेब मांडला.

२००१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची संस्था पुढे परळहून नवी मुंबईत खारघरला गेली आणि ॲक्ट्रेक झाली. तिथे कर्करोगविरोधी द्रव्ये तपासण्याची सोय आहे. वनस्पतींचे अर्क माणसाच्या कर्करोगाच्या पेशींवर टाकून पाहिले जातात. त्यांत ए५४९ ही फुप्फुसाची पेशीमालिकाही आहे. १९७२ मध्ये ५८ वर्षांच्या एका रुग्णाच्या गाठीतून काढलेली, अजून वाढते आहे.