संत जॉन बॉस्को : तरुणांचे पाचारण ओळखणारा पिता



दरवर्षी 31 जानेवारीला आपण संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करतो. डॉन बॉस्को हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना शाळेच्या पाटीवरून ठाऊक आहे. माटुंग्याची, नेरूळची किंवा लोणावळ्याची शाळा डोळ्यांसमोर येते, फुटबॉलचे मैदान आठवते आणि आपण तिथेच थांबतो. इटालियन भाषेत धर्मगुरूला आदराने ‘डॉन’ म्हणतात. म्हणजे डॉन बॉस्को म्हणजे आपले साधे ‘फादर बॉस्को’. या फादरांनी आयुष्यभर एकच काम केले. देवाने आपल्याला कशासाठी जन्माला घातले आहे हे ओळखायला त्यांनी मुलांना मदत केली.

आज आपल्या घरांत दहावी-बारावीचा निकाल लागण्याआधीच मुलाने काय व्हायचे हे ठरलेले असते. पाचारण रविवारी आपण भक्तीने प्रार्थना करतो, की प्रभू, तुझ्या मळ्यात कामकरी पाठव. पण मनातल्या मनात, ते शेजारच्या घरातून पाठव, असेही म्हणतो! म्हणूनच या संताचे चरित्र आपण पुन्हा एकदा वाचायला हवे.

एक स्वप्न आणि घरातली चर्चा

जॉनचा जन्म 16 ऑगस्ट 1815 रोजी उत्तर इटलीतील पिएमोंत प्रांतात बेक्की या खेड्यात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. जॉन दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा वडील न्यूमोनियाने वारले. घरात आजारी सासू, पहिल्या पत्नीपासून झालेला मोठा मुलगा अँतोनियो आणि स्वतःची दोन लहान मुले, जोसेफ व जॉन. हा सारा भार आई मार्गारेट हिच्यावर पडला. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, पण तिची प्रार्थना पाठ होती आणि हात कामाला सरावलेले होते.

नऊ वर्षांचा असताना जॉनला एक स्वप्न पडले. अंगणात खूप मुले भांडत होती, शिव्या देत होती. त्यांना गप्प करायला जॉन मुठी आवळून धावला. तेव्हा एका तेजस्वी पुरुषाने त्याला थांबवले आणि मारून नव्हे तर मायेने त्यांना जिंकायला सांगितले. एक थोर स्त्रीही तिथे होती. पाहता पाहता जंगली जनावरांच्या जागी कोकरे दिसू लागली.

सकाळी जॉनने हे स्वप्न घरात सांगितले. जोसेफ म्हणाला की तू मेंढपाळ होणार. अँतोनियोने टोमणा मारला की तू दरोडेखोरांचा म्होरक्या होशील. आजीने स्वप्नांवर विश्वास ठेवू नये असे बजावले. आईला मात्र वाटले की कोण जाणे, कदाचित हा धर्मगुरू होईल. पण तिने तो विचार त्याच्यावर लादला नाही आणि हसण्यावारीही नेला नाही. तो मनात ठेवून तिने वाट पाहिली.

वाटेतले अडथळे

वाट सोपी नव्हती. जॉनला शिकायचे होते. अँतोनियोला ते पटत नव्हते. शेतात हात हवे असताना पुस्तक कशाला, असा त्याचा सवाल होता. घरातली कटकट इतकी वाढली की आईने काळजावर दगड ठेवून बारा वर्षांच्या जॉनला घराबाहेर पाठवले. मोल्या नावाच्या कुटुंबाच्या शेतावर तो गडी म्हणून राहिला.

पुढे गावातील वयोवृद्ध फादर कलोसो यांना या मुलाची हुशारी दिसली. त्यांनी त्याला लॅटिन शिकवायला घेतले. जॉनला प्रथमच असा कोणी भेटला, ज्याच्याजवळ मन मोकळे करता येत होते. पण एका वर्षातच, 1830 साली, फादर अचानक वारले. मरताना त्यांनी आपल्या पैशाच्या पेटीची किल्ली जॉनच्या हातात दिली होती. त्या पैशांतून त्याचे शिक्षण सहज झाले असते. पण जॉनने ती किल्ली फादरांच्या नातेवाइकांना देऊन टाकली आणि तो रिकाम्या हाताने घरी परतला.

त्यानंतर शिकताना, पुढे किएरी या गावीही, त्याने मिळेल ते काम केले. शिंप्याकडे शिवण, लोहाराकडे घण, कॉफीच्या दुकानात नोकरी, सारे केले. त्या दुकानात जिन्याखालच्या जागेत तो झोपत असे. तेव्हा त्याला कल्पना नव्हती, की यातले प्रत्येक काम पुढे मुलांना शिकवायला उपयोगी पडणार आहे. देव आपल्याकडून तयारी करून घेतो, पण कशासाठी ते लगेच सांगत नाही.

किएरीतच त्याने मित्रांची एक मंडळी जमवली आणि तिला आनंद मंडळ असे नाव दिले. नियम दोनच होते. ख्रिस्ती माणसाला न शोभणारे काही करायचे नाही आणि आपले अभ्यासाचे व धर्माचे कर्तव्य चुकवायचे नाही. बाकी खेळ, जादूचे प्रयोग, गाणी, डोंगरावर भटकंती.

आईचा निर्णय

एकोणिसाव्या वर्षी जॉन फ्रान्सिस्कन संघात जायला निघाला. त्याला प्रवेशही मिळाला होता. खर्चाची चिंता मिटणार होती, हेही एक कारण होते. गावच्या प्रमुख धर्मगुरूंनी मार्गारेटला भेटून सुचवले, की मुलाला मठात जाऊ देऊ नका. तो धर्मप्रांताचा धर्मगुरू झाला तर म्हातारपणी तुम्हाला आधार होईल.

मार्गारेट चालत मुलाकडे गेली. तिने त्याला नीट विचार करायला सांगितले, पण माझा विचार करू नकोस असे स्पष्ट बजावले. मी गरीब जन्मले, गरीब जगले आणि गरीबच मरेन, असे ती म्हणाली. तू धर्मगुरू होऊन श्रीमंत झालास तर तुझ्या घराची पायरी मी चढणार नाही, हेही तिने सांगून टाकले.

बंधुभगिनींनो, या निरक्षर विधवेपुढे आपण पालक क्षणभर उभे राहू या. मुलाच्या पाचारणात आपला म्हातारपणचा आधार, आपली प्रतिष्ठा, आपली अपुरी राहिलेली स्वप्ने आपण किती मिसळतो?

शेवटी जॉनने फादर जोसेफ कफासो यांचा सल्ला घेतला. हेही पुढे संत झाले. त्यांनी सेमिनरीत जाण्याचा सल्ला दिला. 1835 साली जॉनने सेमिनरीत प्रवेश केला आणि 5 जून 1841 रोजी तुरीन येथे त्याला गुरुदीक्षा मिळाली.

तुरीनची मुले

नव्या फादरांपुढे चांगल्या पगाराच्या जागा चालून आल्या. पण फादर कफासो यांनी त्यांना तुरीनमध्येच पुढील प्रशिक्षणासाठी ठेवून घेतले आणि आपल्याबरोबर तुरुंगात नेले. तिथे बारा ते अठरा वयाची पोरे गजाआड पाहून डॉन बॉस्को हादरले. खेड्यातून कामासाठी आलेली, आईबापांविना वाढलेली ही मुले सुटत आणि पुन्हा आत येत. बाहेर त्यांचे कोणीच नव्हते.

8 डिसेंबर 1841 रोजी, निष्कलंक मातेच्या सणाच्या दिवशी, डॉन बॉस्को मिस्साची तयारी करीत होते. सॅक्रिस्टीत एक मुलगा उगाच उभा होता. सॅक्रिस्टनने त्याला मिस्सात सेवा करायला सांगितले, त्याला ती येत नव्हती, तेव्हा सॅक्रिस्टनने त्याला काठीने झोडपून हाकलले. डॉन बॉस्कोंनी मुलाला परत बोलावले आणि तो माझा मित्र आहे असे सांगितले. मुलाचे नाव बार्थोलोम्यू गारेली. वय सोळा, अनाथ, गवंडीकाम करणारा. लिहिता येत नाही, वाचता येत नाही, गाता येत नाही. शेवटी फादरांनी शीळ वाजवता येते का असे विचारले आणि तो हसला. त्या हसण्यातून ओळख जुळली. दोघांनी मिळून ‘नमो मारिया’ म्हटली. पुढच्या रविवारी तो मित्रांना घेऊन आला.

मुले वाढत गेली, पण जागा मिळेना. शेजारी आरडाओरड्याला कंटाळत आणि डॉन बॉस्कोंना मुलांसह मुक्काम हलवावा लागे. काही धर्मगुरूंना तर त्यांना वेड लागले असेच वाटले. अखेर 12 एप्रिल 1846 रोजी, ईस्टरच्या दिवशी, व्हाल्दोको भागात पिनार्दी नावाच्या माणसाची एक ठेंगणी छपरी त्यांना मिळाली. त्याच वर्षी जुलैमध्ये ते मरणाच्या दारात गेले. तेव्हा दिवसभर राबणाऱ्या या पोरांनी उपास केले, रात्री मारियामातेच्या वेदीपुढे जागवल्या. बरे झाल्यावर डॉन बॉस्कोंनी आपले उरलेले आयुष्य मुलांच्या नावे करून टाकले.

नोव्हेंबरमध्ये मार्गारेट आपले घर सोडून मुलाबरोबर तुरीनला आली. पोरांनी तिला मम्मा केले. एकदा मुलांनी तिची भाजीची वाफ तुडवली, कपडे फाडले, तेव्हा वैतागून ती गावी परत जायला निघाली. डॉन बॉस्कोंनी काही न बोलता भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट दाखवले. ती थांबली आणि 1856 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिली.

ज्याची त्याची वाट

डॉन बॉस्कोंनी सर्वांना एकाच साच्यात घातले नाही. कामकरी मुलांसाठी त्यांनी मालकांशी लेखी करार केले. मुलाला सणावाराची सुटी मिळावी, त्याला घरगड्यासारखे राबवू नये, चूक झाल्यास शब्दाने समजवावे, मारू नये, अशा अटी त्यांत असत. 1853 पासून चांभारकाम, शिवणकाम, मग पुस्तकबांधणी असे कारखाने घरातच सुरू झाले. चांगला सुतार होणे हेही त्यांच्या लेखी पाचारणच होते.

1854 साली डोमिनिक साविओ हा बारा वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे आला. संत होण्याचे प्रवचन ऐकून तो एवढा गंभीर झाला की त्याने खेळणेच सोडले. अंथरुणात खडे घालणे, थंडीत पांघरूण न घेणे असे देहदंड तो करू लागला. डॉन बॉस्कोंनी ते थांबवले. आनंदात राहा, अभ्यास व प्रार्थना नीट कर, सोबत्यांना मदत कर, संत होण्याचा मार्ग हाच आहे, असे त्यांनी समजावले. डोमिनिकला धर्मगुरू व्हायचे होते, पण 1857 मध्ये चौदाव्या वर्षीच तो वारला. 1954 साली ख्रिस्तसभेने त्याला संत म्हणून घोषित केले. त्याचे पाचारण अपुरे राहिले असे कोण म्हणेल?

मायकल मागोने हा रेल्वे स्टेशनवर टोळी घेऊन हुंदडणारा पोरगा. डॉन बॉस्कोंना तो गाडीची वाट पाहताना भेटला. नव्या घरात आल्यावर काही दिवसांनी तो उदास झाला. कारण विचारल्यावर कळले, की मनावर जुन्या पापांचे ओझे होते आणि कबुली द्यायची भीती वाटत होती. चांगला पापनिवेदन विधी झाला आणि पोरगा पुन्हा खेळू लागला.

जोसेफ बुझ्झेत्ती हा गवंड्याचा पोर सुरुवातीपासून त्यांच्याबरोबर होता. त्याने धर्मगुरू होण्यासाठी झगाही घातला. पण एका अपघातात त्याच्या डाव्या हाताचे बोट गेले आणि तेव्हाच्या नियमांमुळे गुरुदीक्षेची आशा मावळली. त्याने झगा उतरवला. पुढे त्याच्यापेक्षा लहान मुले जबाबदारीच्या जागी आली. आपली आता गरज नाही असे वाटून त्याने बाहेर नोकरी शोधली आणि तो निरोप घ्यायला आला. डॉन बॉस्कोंनी त्याला अडवले नाही. फक्त हे घर कायम तुझेच आहे असे सांगितले. बुझ्झेत्तीला रडू कोसळले आणि तो गेला नाही. घरातील असंख्य कामे त्याने आयुष्यभर केली आणि अखेर ब्रदर म्हणून व्रते घेतली.

18 डिसेंबर 1859 रोजी रात्री डॉन बॉस्कोंच्या खोलीत अठरा जण जमले आणि सालेशियन संघाची स्थापना झाली. त्यांतील बहुतेक त्यांच्याच हाताखाली वाढलेले तरुण होते. त्याआधी त्यांना विचार करायला आठवडाभराचा वेळ दिला होता. जॉन कॅलिएरो हा तरुण व्हरांड्यात येरझाऱ्या घालीत राहिला. मठवासी व्हायला त्याचे मन तयार नव्हते. शेवटी, नाव काहीही असो, मी डॉन बॉस्कोंबरोबर राहणार, असे त्याने ठरवले. हाच कॅलिएरो 1875 मध्ये पहिले मिशनरी घेऊन अर्जेंटिनाला गेला आणि पुढे कार्डिनल झाला. लहानपणी ज्याला डॉन बॉस्कोंनी सर्व काही निम्मे-निम्मे वाटून घेऊ असे खुणेने सांगितले होते, तो मायकल रुआ त्यांचा पहिला उत्तराधिकारी झाला. 1872 साली संत मेरी मझारेलो यांच्यासह मुलींसाठी धर्मभगिनींचा संघही सुरू झाला.

31 जानेवारी 1888 रोजी पहाटे डॉन बॉस्कोंनी देह ठेवला. 1 एप्रिल 1934 रोजी, ईस्टरच्या दिवशी, पोप अकरावे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. त्यांचे सालेशियन 1906 मध्ये तंजावरला पोहोचले आणि पुढे आपल्या मुंबईतही आले.

आपल्या धर्मग्रामासाठी

या चरित्रातून आपण काय घ्यावे? डॉन बॉस्कोंनी पाचारणावर मोठी भाषणे क्वचितच केली. ते मुलांबरोबर खेळले, जेवले, त्यांचे पापनिवेदन ऐकले, त्यांना जबाबदारीचे काम दिले. मुलगा स्वतः निर्णय घेईपर्यंत ते थांबले. कोणी दुसरी वाट धरली तरी दार बंद केले नाही.

आपल्याकडेही वेदीसेवक आहेत, धर्मशिक्षणाचे वर्ग आहेत, युवक मंडळ आहे. मिस्सानंतर चर्चच्या आवारात घुटमळणारी मुलेही आहेत. त्यांतील किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत? गडबड करतात म्हणून आपण त्यांना हाकलतो की जवळ बोलावतो? सॅक्रिस्टनची काठी आणि डॉन बॉस्कोंची हाक, दोन्ही एकाच सॅक्रिस्टीत होत्या. आपल्या हातात यांपैकी काय आहे ते आपणच पाहायचे.

आईबाबांनो, या आठवड्यात एकदा जेवताना मुलांना विचारा, की देवाला तुझ्याकडून काय हवे असेल असे तुला वाटते? उत्तर काहीही आले तरी हसू नका आणि घाईही करू नका. तरुण मित्रमैत्रिणींनो, मनात काही घोळत असेल, मग ते गुरुपदाचे असो, व्रतस्थ जीवनाचे, विवाहाचे वा एखाद्या सेवेचे, ते एकट्याने वाहू नका. ज्यांच्यावर विश्वास आहे अशा धर्मगुरूंशी, सिस्टरांशी किंवा शिक्षकांशी बोला. जॉनलाही फादर कलोसो आणि फादर कफासो लागलेच होते.

हे संत जॉन बॉस्को, तरुणांच्या पित्या, आमच्या मुलांसाठी आणि आम्हा पालकांसाठी विनंती कर. आमेन.